होडी कोण ढकलतं?

वेंगुर्ल्याकडच्या एका खाडीत सकाळी नऊला सुकती, म्हणजे ओहोटी होती. होडी काठाच्या चिखलात रुतलेली. पलीकडच्या चर्चमध्ये बाळाच्या बाप्तिस्म्याला निघालेलं कुटुंब ठेवणीतल्या कपड्यांत ताटकळत उभं होतं. "पाणी चढला काय सोडूया," म्हणत होडीचा तारी विडी पेटवून बसला. तासाभराने त्याने लांब बांबू तळात रोवला, अंगाचा रेटा दिला आणि होडी सुटली.

होडीला बांबू ढकलतो, बांबूला तारी. थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) या कॅथलिक तत्त्वज्ञाने अगदी असंच उदाहरण दिलंय : हात हलवतो म्हणून काठी हलते. ही कल्पना मुळात अ‍ॅरिस्टॉटलची, इसवीसनापूर्वी चौथ्या शतकातली. थॉमसने ती देवाच्या अस्तित्वाच्या पाच युक्तिवादांत पहिली मांडली : हलवणाऱ्यांची साखळी अनंत मागे जाऊ शकत नाही, म्हणून कुणीही न हलवलेला एक ‘पहिला’ हलवणारा हवा, आणि तोच देव.

आज आपण साखळी आणखी मागे नेऊ शकतो. तारीच्या दंडातले स्नायू आखडतात ते एटीपी नावाच्या रेणूतल्या ऊर्जेवर. ती ऊर्जा सकाळच्या पेजेतली, पेजेतली भाताच्या पानांनी पकडलेल्या उन्हातली आणि ऊन सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचा हेलियम होताना निघालेलं. थॉमसला ही यादी वाचून आनंदच झाला असता, पण प्रश्न सुटला असं तो म्हणाला नसता. यातला प्रत्येक जण उसनवारीवर जगतो. वाडीतल्या शंभर घरांनी एकमेकांकडून तांदूळ उसने आणले तरी कुणाच्या तरी कणगीत ते असावेच लागतात. वाडी मोठी केल्याने कणगी भरत नाही.

त्याच्या लेखी बदल म्हणजे जे होऊ शकतं ते प्रत्यक्षात होणं. सरपण तापू शकतं, पण ते तापवायला आधीच तप्त असलेली आग लागते. मग जो कुणाकडूनच काही घेत नाही, त्याच्यात ‘अजून व्हायचंय’ असं काही शिल्लक नसणार, म्हणून तो बदलत नाही. हे न बदलणं धोंड्याचं नव्हे. धोंडा उन्हात तापतो, लाटांनी झिजतो, त्याला व्हायचं बरंच बाकी असतं. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने देवाला ‘अपरिवर्तनीय’ म्हटलं तेव्हा थॉमस जन्मलाही नव्हता. श्रद्धा आधीची, त्याने तिला तर्काचा टेकू दिला.

आता खरी अडचण. खाडीच्या मध्यावर तारीने बांबू उचलून आडवा ठेवला, तरी होडी सरकतच राहिली. न्यूटनने १६८७ मध्ये सांगितलं की एकसमान गतीला ढकलणारा लागतच नाही. थांबवायला मात्र पाण्याचा विरोध लागतो. युक्तिवादाला इथे भोक पडतं. थॉमसचे पाठीराखे म्हणतात, त्याच्या ‘गती’त तापणं, पिकणं, वाढणं सगळं येतं. ते खरं आहे, पण मग होडी सोडून आढीतल्या आंब्याकडे जावं लागतं. ठिगळ पक्कं आहे, तरी दिसतं.

याउलट चंद्राचं उदाहरण मला थॉमसच्या बाजूचं वाटतं. भरती चंद्र आणतो, सूर्य थोडा हात लावतो. पण पृथ्वी स्वतःभोवती वेगाने फिरते, त्यामुळे पाण्याचा फुगवटा चंद्राच्या जरा पुढे ओढला जातो आणि तो फुगवटा चंद्रालाच पुढे खेचतो. परिणामी चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातोय. १९६९ पासून अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर लेसर पाडून हे मोजलंय. बदल्यात पृथ्वीची गिरकी मंदावते, दिवस शतकाला साधारण दोन मिलिसेकंदांनी लांबतो. आपल्या ओळखीचा प्रत्येक हलवणारा असा स्वतःही हलतो. थॉमसचा ‘पहिला’ त्यामुळे या रांगेत सापडायचाच नाही, त्याला दुर्बिणीने शोधणं व्यर्थ.

एक गल्लत मात्र फार होते. ‘पहिला’ म्हणजे महास्फोटाच्या वेळचा नव्हे. होडी बांधणारा आजा जाऊन वर्षं झाली तरी होडी तरंगते. तारीचा हात थांबला तर बांबू त्याच क्षणी निकामी. थॉमसला दुसऱ्या प्रकारची साखळी हवी होती, आत्ता या घडीला चालू असलेली. जगाला सुरुवात होती हे केवळ तर्काने सिद्ध होत नाही, असं त्याने स्वतःच म्हटलंय. महास्फोटाच्या कल्पनेचा जनक जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी या सिद्धांताचा धागा निर्मितीशी जोडला, तेव्हा सगळ्यात अस्वस्थ झाला तो तोच.

पलीकडे उतरताना बाळाच्या आजीने परतीचं विचारलं. तारीने बोटांवर तिथी मोजली, तिची पाऊणपट केली. "आज चतुर्थी. म्हणजे भरती तीनाक. पाचाच्या आत येवा."