ढोरांच्या दवाखान्यात कुत्रं

आमच्या चोपडा-यावल साइडला जनावरांच्या सरकारी दवाखान्याला कोणी पशुवैद्यकीय वगैरे म्हणत नाही, ढोरांचा दवाखाना म्हणतात, आणि नाव बरोबरच आहे कारण आत गेलं की आधी लोखंडी खोडा दिसतो, त्यात एखादी म्हैस अडकवलेली असते, मागे दोन बैल, एक बकरी, आणि सगळ्यात शेवटी गोणपाटात गुंडाळलेलं कुत्र्याचं पिल्लू घेऊन मी. २०२१ ची गोष्ट आहे. पिल्लाला रक्ताची हगवण लागलेली, मान टाकलेली. पुढचे बाबा वळून म्हणाले, काय व्हयनं भो कुत्राले? मी म्हटलं पार्व्हो असेल, पिल्लांना मारणारा विषाणूचा रोग. ते म्हणाले नजर लागली असेल. पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं.

त्यानंतर मी या विषयावर बरंच वाचत बसलो, म्हंजे या रोगांचा शोध कोणी लावला, लशी कुठून आल्या, आणि वाचता वाचता असं वाटायला लागलं की कुत्र्या-मांजरांच्या रोगांवरच्या संशोधनाचा सगळा इतिहास म्हणजे ही आमची रांगच आहे. पुढे घोडा, बैल, माणूस, आणि कुत्रं कुणाच्या तरी मागे उभं. त्याचं स्वतःचं म्हणून काम फार कमी वेळा झालंय.

सुरुवात बघा. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या वेल्श पशुवैद्याने डेरा इस्माईल खानला (आता पाकिस्तानात) सर्रा रोगाचा जंतू शोधला, तो घोड्या-उंटांच्या रक्तात, कारण लष्कराचे घोडे-उंट मरत होते. हाच सर्रा कुत्र्यालाही होतो, डोळे निळसर पांढरे पडतात, पण त्यावेळी तो कोणाच्या अजेंड्यावर नव्हता. मुंबईला परळचं व्हेटर्नरी कॉलेज १८८६ चं. १८८९ ला पुण्यात सरकारी जीवाणू प्रयोगशाळा निघाली (हो, पुण्यात, तीच पुढे वाढत वाढत आजची बरेलीजवळच्या इज्जतनगरची आयव्हीआरआय, म्हंजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली), पण भरवस्तीत असले जंतू नकोत म्हणून १८९३ ला ती उचलून हिमालयात मुक्तेश्वरला नेली. तिथे मुख्य काम कशावर? बुळकांडीवर, म्हंजे गाई-बैलांच्या जीवघेण्या साथीवर. बरोबरच आहे, बुळकांडी आली की गावंच्या गावं बैलांविना बसायची. ती जगातून २०११ मध्ये संपली. आणि गंमत अशी की बुळकांडीचा विषाणू, माणसाचा गोवर आणि कुत्र्याचा डिस्टेंपर हे तिघं एकाच खानदानातले, सख्खे चुलत म्हणा. बैलाचं आणि माणसाचं दुखणं मात्र आधी बघितलं गेलं.

आता रेबीज. यात कुत्र्याचा नंबर पहिला लागायला हवा होता आणि खरं तर लागलाही होता. पाश्चरने १८८४ मध्ये जाहीर केलं ते कुत्र्यांना रोगापासून वाचवता येतं हे, माणसांचं नंतर. ६ जुलै १८८५ ला नऊ वर्षांचा जोसेफ माइस्टर समोर आला, कुत्र्याने फाडलेला, त्याला लस दिली, तो वाचला, आणि मग सगळं जग माणसाला चावल्यानंतर काय करायचं याच्या मागे लागलं, कुत्र्याला चावण्याआधीच टोचायचं हे मागे पडलं. आपल्याकडे कसौलीला १९०० मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट निघालं, दक्षिणेत कुन्नूरला १९०७ मध्ये. त्याआधी हिंदुस्थानात चावलेल्या साहेब लोकांना बोटीने पॅरिसला पाठवायचे, बाकीच्यांचं काय व्हायचं ते सांगायला नको. १९११ मध्ये कसौलीलाच डेव्हिड सेंपलने जनावराच्या मेंदूपासून, कार्बॉलिक म्हणजे फिनॉल घालून जंतू मारून, लस बनवली. हीच ती आपल्या आज्यांच्या तोंडची चौदा इंजेक्शनं, बेंबीभोवती. माझ्या आजोबांना धुळ्याला सिव्हिलमध्ये दिलेली, ते पोट उघडं करून दाखवायचे जणू लढाईच्या जखमा. स्वस्त होती, देशात बनायची, लाखो लोक वाचले असतील तिच्यावर, पण लशीत मेंदूचाच लगदा असल्यामुळे काही जणांच्या शरीराने स्वतःच्या नसांवरच उलटून हल्ला केला, लकवा मारला. तरी ती भारतात चालली २००४ संपेपर्यंत. नव्वद-पंच्याण्णव वर्षं! तोपर्यंत बाहेर पेशींवर वाढवलेल्या चांगल्या लशी कधीच्या आलेल्या. आता दंडात टोचतात नाहीतर कातडीत, चार-पाच भेटींत काम होतं, आणि कातडी फाटून रक्त आलं असेल तर सोबत सीरम, म्हंजे तयार अँटीबॉडी. पण ती चौदाची भीती डोक्यातून जात नाही, लोक आजही दवाखान्यात जायच्या आधी चावल्या जागी मिरची भरतात, चुना लावतात. मिरचीने काही होत नाही, जखम आणखी चिघळते. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, हे करा आणि लगेच दवाखाना गाठा.

कुत्र्यालाच टोचायची गोष्ट जपानने मनावर घेतली. उमेनो आणि दोई या दोघांनी १९२१ च्या सुमारास कुत्र्यांसाठी एका डोसची लस आणली, पुढे १९५० ला कायदा केला, कुत्र्याची नोंदणी, दरवर्षी लस, भटकी कुत्री पकडणं, आणि १९५७ नंतर तिथल्या कुत्र्यांत रेबीज नाही. हिशोब साधा आहे, शंभरातली ७० कुत्री टोचलेली असली की रोगाची साखळी तुटते. आपल्याकडे गोव्यात २०१३ पासून हे मोठ्या प्रमाणावर केलं आणि २०२१ ला गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला. म्हंजे होतं. आपल्याकडे २००१ ला कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम आले, २०२३ ला नवे आले, पण ते सगळं शहराच्या महापालिकेला डोळ्यासमोर ठेवून. आमच्याकडचं कुत्रं कसं असतं, ते मळ्यातलं असतं. केळीच्या बागेत रखवालीला, भाकरी घरची खातं, नाव मोती नाहीतर टायगर, पण बांधलेलं कधीच नसतं आणि विचारलं कोणाचं तर सगळे एकमेकांकडे बघतात. ते पाळीव धरायचं का भटकं, टोचायचं कोणी, हा घोळ.

डिस्टेंपरची गोष्ट मला फार आवडते. नाकातून पू, खोकला, मग झटके, आणि वाचलंच तर जन्मभर एक पाय थडथडत राहतो. १७९६ ला देवीची लस देणाऱ्या जेन्नरने १८०९ मध्ये या रोगावर लिहून ठेवलंय. १९०५ ला फ्रान्सच्या कारेने सांगितलं की हा विषाणू आहे, पण बरीच वर्षं लोकांनी मानलं नाही. मग इंग्लंडात घोड्यावर बसून कोल्ह्यांची शिकार करणाऱ्या श्रीमंत मंडळींच्या हाउंड कुत्र्यांचे कळप मरायला लागले, तेव्हा शिकारीच्या एका साप्ताहिकाने १९२३ मध्ये वर्गणी काढली, पैसे जमले, आणि लेडलॉ आणि डंकिन या दोघांनी लंडनच्या मिल हिल संशोधन संस्थेत फेरेट म्हणजे मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावर प्रयोग करून १९२८ पर्यंत लस काढली. त्याच संस्थेतल्या फेरेटांमुळे १९३३ मध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला. म्हणजे कुत्र्यासाठी जमवलेल्या वर्गणीतून माणसाचं भलं झालं, एकदा तरी रांग उलटी फिरली म्हणायची. आणि हा रोग गावातल्या कुत्र्यापुरता राहत नाही, २०१८ ला गीरमध्ये वीसच्या वर सिंह मेले तेव्हा तिथेही डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. सातपुड्याच्या पायथ्याला आमची कुत्री रात्री जंगलात जाऊन सकाळी परत येतात, हे आठवलं की जरा धस्स होतं.

हाउंडांवरूनच आठवलं, गोचीड ताप. उन्हाळ्यात ४५ डिग्रीत आमच्याकडे कुत्री डोळे पांढरे करून पडतात ना, लोक म्हणतात ऊन लागलं, आणि कान उलटा करून बघितलं तर गोचिडांचे घोस. मद्रासच्या साहेबांनी विलायतेहून हाउंड आणलेले, इथे कोल्ह्यांच्या शिकारीला, ते कावीळ होऊन पटापट मरायचे. १९१० मध्ये पॅटन नावाच्या डॉक्टरने त्यांच्या रक्तात तांबड्या पेशींतला एक परजीवी पकडला आणि मग तोच त्याला कोल्ह्यांच्या रक्तातही सापडला. आजही जगभर त्याला बबेसिया गिब्सोनाय म्हणतात, म्हणजे जगातल्या कुत्र्यांचा हा एक मोठा आजार मद्रासला ओळखला गेला. त्याआधी १९०५ ला जेम्सने हिंदुस्थानातल्याच कुत्र्यांच्या पांढऱ्या पेशींत दुसरा एक परजीवी दाखवलेला, हिपॅटोझून, तो तर गोचीड चावून नाही, कुत्र्याने गोचीड खाल्ली की होतो. तिसरा भाऊ एर्लिकिया, गोचिडीतूनच येणारा जीवाणू, १९३५ ला अल्जिरियात सापडला, पण त्याच्याकडे नीट लक्ष गेलं कधी, तर व्हिएतनाम युद्धात अमेरिकन लष्कराची शेकडो कुत्री नाकातून रक्त जाऊन मेली तेव्हा. बघा परत, शिकारीची कुत्री, लष्कराची कुत्री. साक्रीकडच्या ठेलारी लोकांच्या मेंढरांमागे जी कुत्री चालतात त्यांना यातलं काय काय होतं याचा कोणी हिशोब ठेवलाय असं मला तरी दिसलं नाही. औषध म्हणाल तर एर्लिकियावर साधी डॉक्सीसायक्लिन चालते, तीन-चार आठवडे सलग द्यावी लागते, आणि इथेच गाडी अडते, कारण कुत्रं चौथ्या दिवशी उठून पळायला लागलं की गोळ्या बंद. बबेसियावर ती एकटी पुरत नाही. आणि ही तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत राहते, कुत्र्यावर कितीही फवारा मारा, घर साफ केल्याशिवाय ती जात नाही.

खरजेचं थोडक्यात सांगतो. लूत भरलेलं कुत्रं म्हंजे आमच्याकडे शिवी आहे, ती लूत आज आयव्हरमेक्टिनच्या एक-दोन इंजेक्शनांत जाते. हे औषध निघालं जपानमधल्या मातीतल्या जंतूपासून, ओमुरा आणि कँपबेल यांना त्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं, पण तेही माणसांच्या रोगांसाठी. कॉली जातीच्या कुत्र्यांना मात्र ते देऊ नका, त्यांच्या मेंदूपर्यंत जातं.

पार्व्होत मात्र कुत्र्याचा स्वतःचा नंबर लागला. १९७८ मध्ये हा रोग जगभर एकदम उगवला, मांजरांच्या अशाच विषाणूच्या घराण्यातून, आणि कुठल्याच कुत्र्याच्या अंगात प्रतिकार नव्हता, पिल्लं धडाधड गेली. लस नव्हती तर डॉक्टरांनी मांजराची लस कुत्र्यांना टोचली, आणि बऱ्यापैकी चाललीही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९५० पासून कुत्र्यांच्या रोगांवर काम करणारी बेकर यांची संस्था होती, तिथल्या लोकांनी दोनेक वर्षांत कुत्र्याची स्वतःची लस उभी केली. याच संस्थेने त्याआधी पन्नासच्या दशकात डिस्टेंपरवर काम करताना एक गोष्ट शोधली होती जी मला २०२१ ला माहीत असती तर बरं झालं असतं. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला जी ताकद मिळते तीच लशीला मारते, आणि ती कोणत्या आठवड्यात उतरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत डोस पुन्हा पुन्हा द्यायचे असतात. मी एक दिला आणि झालं म्हणून मोकळा झालो. वर हा विषाणू मातीत महिनोन्महिने जगतो, अंगण नुसतं शेणाने सारवून जात नाही, ब्लीचिंग लागतं.

मांजरांचं तर विचारूच नका. आमच्याकडे मांजर कणगीतल्या उंदरांसाठी, तिला दवाखान्यात नेलं म्हटलं की लोक हसतात. जगातही तिचा नंबर माणसाच्या रोगांमुळे लागला. १९६४ मध्ये ग्लासगोच्या जॅरेटने एकाच घरातल्या अनेक मांजरांना कॅन्सर का होतो हे बघताना ल्युकेमियाचा विषाणू पकडला, तेव्हा विषाणूने कॅन्सर होतो का हा माणसांच्या डॉक्टरांचा गरम विषय होता. १९८६ ला कॅलिफोर्नियात पेडरसन आणि यामामोटो यांना मांजरांचा एड्ससारखा विषाणू सापडला, तोही माणसांच्या एड्सच्या धामधुमीत. याच पेडरसनने पुढे २०१८-१९ मध्ये एफआयपी, म्हंजे मांजराच्या कोरोनामुळे पोटात पाणी भरणारा जो आजार, तोवर झाला म्हणजे मांजर गेलीच, त्यावर जीएस-४४१५२४ हे औषध लागू पडतं हे दाखवलं. आता हे रेमडेसिव्हिरचंच मूळ रूप. ते बनवणाऱ्या कंपनीने मांजरांसाठी ते बाजारात आणलं नाही, मग जगभरचे मांजरवाले चीनमधून चोरून मागवायला लागले. आणि दोनच वर्षांत, कोविडमध्ये, आपण इथे जळगावला रेमडेसिव्हिरसाठी रात्र रात्र मेडिकलसमोर उभे. मांजरं आपल्या पुढे होती रांगेत, कधी नव्हे ते. (ताप आला म्हणून मांजराला अर्धी पॅरासिटामॉल देणारे लोक मी पाहिलेत. देऊ नका, तिच्या लिव्हरला ती पचवता येत नाही, मरते.)

तर मी २०२२ च्या जूनमध्ये दुसरं पिल्लू आणलं, ब्लीचिंग मारून, यावेळी डोसचे आठवडे कॅलेंडरवर लिहून. तिसरा डोस ऑगस्टमध्ये होता. आणि नेमका त्याच ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यात लंपी, गायींच्या अंगावर गाठी आणणारा रोग, निघाला, राज्यात त्या वर्षी पहिल्यांदा तिथेच. मी जळगावहून लस थर्मासमध्ये बर्फ घालून आणलेली, दवाखान्यात गेलो तर डॉक्टर नाहीत, गोठ्यागोठ्याने फिरतायत, गायींना शेळीच्या देवीची लस टोचत, कारण लंपीची स्वतःची अजून बाजारात नव्हती. कंपाउंडर म्हणाला कुत्र्याचं ना, सोमवारनंतर बघू. मी पिल्लू खांद्यावर टाकलं, घरी आलो आणि लस फ्रिजमध्ये ठेवली, दुधाच्या पातेल्याशेजारी. आई म्हणाली ती बाटली माझ्या दुधापासून लांब ठेव.