स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं का?

‘बेडरूममध्ये स्नेक प्लांट ठेवा, ते रात्रभर ऑक्सिजन देतं,’ हा सल्ला व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. हे झाड (शास्त्रीय नाव पूर्वी सॅन्सेव्हिएरिया, आता ड्रॅसिना) पाणी वाचवण्यासाठी पानांवरची सूक्ष्म छिद्रं मुख्यतः रात्री उघडतं, कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं. ऑक्सिजन मात्र उजेडाशिवाय तयार होत नाही. अंधारात हे झाडही आपल्यासारखा श्वासच घेतं.

हवा शुद्ध होण्याचं काय? त्यासाठी नासाच्या १९८९च्या अभ्यासाचा दाखला देतात. पण ते प्रयोग छोट्या हवाबंद पेट्यांत झाले होते. २०१९च्या एका आढाव्यानुसार, खोलीत एरवी जेवढी हवा खेळते तेवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील! खिडकी उघडा, जास्त फायदा होईल.

खरं दुःख वेगळंच आहे. ऑक्सिजनच्या आशेने लोक ही कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात आणि रोज पाणी घालतात. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंच्या कुंडीतलं पान मी हलकेच ओढलं, तर ते हातातच आलं. बुडाशी तपकिरी, बुळबुळीत, कुबट वास. वरून मात्र हिरवंगार! वरचं निरोगी पान कापून, दोन-तीन दिवस सुकवून, वाळूमिश्रित मातीत खोचलं. आता ते खिडकीजवळ आहे, आणि माती पूर्ण कोरडी झाल्याशिवाय काकू त्याला पाणी घालत नाहीत.