दुसरा सीझन का आला नाही

नागपुरात बर्डीवर, आता जिथे मोबाइलची कव्हरं मिळतात, तिथे सीडी-डीव्हीडीचं एक दुकान होतं. माझ्या मोठ्या बहिणीने तिथून एका जुन्या अमेरिकी मालिकेचा पहिला सीझन घेतला आणि पुढची दोन वर्षं ‘काका, दुसरा आला का?’ असं विचारत राहिली. काका बिचारे मुंबईला फोन करत. तो सीझन डिस्कवर जगात कुठेच निघाला नव्हता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

व्हिडिओ कॅसेटच्या काळात मालिकेचे निवडक भागच विकायला येत, कारण एका कॅसेटमध्ये मावणार किती? डीव्हीडीने हे बदललं. २००० साली ‘द एक्स-फाइल्स’चा अख्खा पहिला सीझन एका संचात आला आणि मग स्टुडिओंनी जुनी कपाटं उघडली. त्यात निघाले जुने करार.

या मालिका बनल्या तेव्हा प्रेक्षक त्या विकत घेऊन घरी ठेवतील, हे कुणाच्या मनातही नव्हतं. गाण्यांचे हक्क प्रक्षेपणापुरते आणि अनेकदा ठरावीक वर्षांपुरतेच घेतलेले. शिवाय एका गाण्याचे मालक दोन: गीत-संगीताचा एक आणि ध्वनिमुद्रणाचा दुसरा. डिस्क काढायची तर दोघांशी नव्याने बोलणी. ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ (१९७८–८२) ही रेडिओ स्टेशनवरची मालिका. वाजणारी गाणी हाच तिचा जीव. ती फिल्मऐवजी व्हिडिओ टेपवर चित्रित झाली, कारण टेपवरच्या कार्यक्रमांना गाणी स्वस्तात मिळत. २००७मध्ये पहिला सीझन आला तो बरीच गाणी बदलून, काही प्रसंग कापून. चाहते हळहळले, आणि पुढचे सीझन आलेच नाहीत. २०१४मध्ये ‘शाउट फॅक्टरी’ या डीव्हीडी काढणाऱ्या कंपनीने बहुतेक गाण्यांचे हक्क मिळवून पूर्ण मालिका काढली. ‘द वंडर इयर्स’ १९९३ला संपली. तिच्या पूर्ण संचालाही २०१४च उजाडलं. म्हणजे इच्छा असली तर गाठ सुटते. त्यासाठी पैसे मोजणारा कुणी लागतो.

इथे विक्रीचं गणित येतं. पहिला सीझन हौसेने घेतला जातो, दुसऱ्याला गिऱ्हाईक कमी, तिसऱ्याला आणखी कमी. ‘मर्फी ब्राउन’ दहा सीझन चालली, पण २००५च्या पहिल्या संचापुढे गाडी गेली नाही. जुन्या फितींचा खर्च वेगळाच. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ फिल्मवर चित्रित झाली, पण संकलन कमी सुस्पष्ट अशा टेपवर झालं. त्यामुळे ब्लू-रे या अधिक सुस्पष्ट डिस्कसाठी १७८ भाग मूळ निगेटिव्हवरून पुन्हा जुळवावे लागले. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि ‘स्टार ट्रेक’चीच पुढची मालिका ‘डीप स्पेस नाइन’ तशीच राहून गेली. त्या संकलकांची मेहनत मला थक्क करते. म्हणूनच ती तिथे थांबली याचं वाईट वाटतं.

आपल्याकडे २००७च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली. सिनेमासाठी हा भाव झकास होता. मालिकेचा हिशेब मात्र निराळा. व्हीसीडीत जेमतेम सव्वा तास मावतो. ‘महाभारत’चे ९४ भाग, प्रत्येक पाऊण तासाच्या आसपास; एका डिस्कवर दोन पूर्ण भागही बसत नाहीत. एवढी चळत ठेवायची कुठे आणि घ्यायची कुणी? पुढे लोक डिस्ककडून मोबाइलकडे वळले आणि २०१८मध्ये ही कंपनी अवसायनात गेली. मागणी मात्र मेली नव्हती. मार्च २०२०मध्ये दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा लावलं, तेव्हा आमच्या गल्लीत सकाळी नऊला घराघरांतून तेच शीर्षकगीत ऐकू येत होतं.

बहिणीचा तो पहिला सीझन तिच्या प्रतापनगरच्या घरी आहे. शेजारी दुसऱ्याची जागा तिने अजून भरलेली नाही.