यंत्र जड म्हणून रुतते का?

‘यंत्र जितके जड, तितके ते चिखलात लवकर रुतते’, असा मजकूर पावसाळ्यात अनेकदा मोबाइलवर फिरतो. समज स्वाभाविक आहे, पण अपुरा; कारण वजन किती जागेवर पसरले आहे, यावर रुतणे अवलंबून असते. २० टनांच्या पोकलेनचे (पट्ट्यांवर चालणाऱ्या खोदकाम यंत्राचे) प्रत्येकी ६० सेंटिमीटर रुंदीचे दोन पट्टे सुमारे साडेतीन मीटर लांबीवर टेकतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर जेमतेम अर्धा किलो भार येतो (एका पायावर तोल सावरणाऱ्या माणसाचा भारही फारसा कमी नसतो). भरलेल्या डंपरच्या टायरखाली मात्र तोच सहा-सात किलोंच्या घरात जातो. जेसीबी पोकलेनपेक्षा हलका असला तरी टायरवर चालतो; त्यामुळे ‘पोकलेन गेले, मग जेसीबी सहज जाईल’ हा हिशेब फसतो.

मुंबईत शिवडी-वडाळ्याकडे खाडीलगतच्या भरावात हे विशेष जाणवते, कारण वर मुरूम घट्ट लागला तरी खाली काळा, मऊ गाळ असू शकतो. पडताळण्यासाठी वजनाला टेकलेल्या क्षेत्रफळाने भागावे आणि वाटेवर ठिकठिकाणी सळई ठोकून पाहावी. आधी अडणारी सळई अचानक सैल उतरू लागली, तर लोखंडी प्लेटा अंथरल्याशिवाय टायरवरची गाडी आत घेऊ नये.