श्रावणमास दक्षिणा

श्रावणमास दक्षिणा : मराठेशाहीत दरवर्षी श्रावण महिन्यात शास्त्री, वैदिक आणि भिक्षुक ब्राह्मणांना वाटली जाणारी रोख रक्कम. तळेगावच्या दाभाडे घराण्याने ती सुरू केली, पेशव्यांनी पुण्यात आणून वाढवली आणि पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी ती बंद न करता तिचे रूप पालटले. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पैसा वाटला जात राहिला. बदलत गेले ते ‘सत्पात्र’ कोण याचे उत्तर. राज्यकर्ता बदलला की ते उत्तरही बदले.

शास्त्रार्थाने दक्षिणा म्हणजे दान नव्हे. धर्मकृत्य पार पाडणाऱ्याला यजमानाने द्यायचा तो मोबदला. श्रावणातल्या या वाटपात मात्र कोणतेही एक कृत्य करवून घेतलेले नसे. ब्राह्मण्य आणि विद्या हाच अधिकार. गीतेने ज्याला सात्त्विक दान म्हटले ते परतफेडीची अपेक्षा नसलेल्याला, योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्री दिलेले. श्रावण हा काळ ठरलेला होता, पात्रही शास्त्राने ठरवलेले होते. परतफेडीच्या बाबतीत मात्र पेशवे इतके निरिच्छ होते असे म्हणवत नाही.

शाहू महाराजांचे सेनापती खंडेराव दाभाडे तळेगावात ही दक्षिणा वाटत. त्यांच्यानंतर सेनापतिपद पुत्र त्र्यंबकराव यांच्याकडे आले. गुजरातेतील चौथाईच्या हक्कावरून त्यांचे आणि पहिल्या बाजीरावाचे वितुष्ट आले आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळच्या लढाईत त्र्यंबकराव मारले गेले. शाहूंनी मध्ये पडून दाभाड्यांची समजूत काढली, पण घराण्याचा जोर ओसरला तो ओसरलाच. दक्षिणेचा मान यानंतर पेशव्यांकडे आला. स्वराज्याच्या सेनापतीला रणात पाडणाऱ्या पेशव्याने त्याच सेनापतीच्या घरचे पुण्यकर्म पुढे चालवावे, यात प्रायश्चित्त किती आणि प्रतिस्पर्ध्याची प्रतिष्ठा आपल्या दारी आणण्याचा हिशेब किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. बहुधा दोन्ही होते. कोकणातून अलीकडेच देशावर आलेल्या घराण्याला काशीपासून कर्नाटकापर्यंतचे पंडित दरसाल आपल्या दारी येणे हवेच होते. छत्रपती साताऱ्यात, ब्रह्मवृंद जमणार पुण्यात.

वाटप दोन पातळ्यांवर चाले. नामांकित शास्त्र्यांची आणि वैदिकांची परीक्षा होऊन त्यांना विद्वत्तेप्रमाणे मोठ्या रकमा व शालजोड्या मिळत. पुढे रामशास्त्री प्रभुणे यांच्याकडे या परीक्षेचे काम होते. त्यांचे सख्खे भाऊ दक्षिणेला आले, तेव्हा नाना फडणीस वीस रुपये देऊ लागले. रामशास्त्र्यांनी, यांची विद्या दोन रुपयांची आहे, जास्त द्यायचे तर नानांनी पदरचे द्यावे, असे सुनावल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती घडली असो वा नसो, लोकांना ती सांगावीशी वाटली यावरूनच वशिल्याचा सुळसुळाट केवढा असेल ते कळते.

दुसरी पातळी रमण्याची. पर्वतीच्या पायथ्याशी ‘रमणा’ म्हटल्या जाणाऱ्या, भिंतीने वेढलेल्या आवारात हजारो भिक्षुक घेतले जात. सगळे आत आले की दरवाजे बंद होत आणि मग एकेकाला बाहेर सोडताना हातावर पैसे ठेवले जात. तोच माणूस फिरून दुसऱ्यांदा रांगेत येऊ नये म्हणून हाताला रंगाची खूण करीत. धर्मकार्य खरे, पण बंदोबस्त बाजारहाटासारखा. या जागेची आठवण पर्वती परिसरातल्या ‘रमणा गणपती’ या नावात उरली आहे. दर्शनाला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना रमणा म्हणजे काय हे ठाऊक असते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात राज्य खिळखिळे होत असतानाही दक्षिणा आणि ब्राह्मणभोजने थांबली नाहीत. उलट त्यांचाच बोलबाला झाला.

हा पैसा येई कुठून, या प्रश्नाला दरबारी कागदात धर्मादायाच्या खर्चाची बाब यापलीकडे उत्तर मिळत नाही. तो वसूल झालेला असे रयतेकडून, आणि वाटपात रयतेला जागा नव्हती. हे ठणकावून सांगितले ते महात्मा फुल्यांनी. शेतकऱ्याच्या कष्टाचा पैसा भटब्राह्मणांवर उधळल्याबद्दल त्यांनी पेशव्यांवर सडकून टीका केली.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दक्षिणेचा प्रश्न दख्खनचे इंग्रज कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्यापुढे आला. ख्रिस्ती सरकारने हिंदू भिक्षुकांना पैसे का वाटावेत, हा प्रश्न त्यांना पडण्यासारखाच होता. पण पुण्यातला ब्राह्मणवर्ग सत्ता गेल्याने दुखावलेला होता आणि त्याचे उत्पन्न एका फटक्यात तोडणे धोक्याचे होते. रमण्यातले सरसकट वाटप थांबले. विद्वानांसाठी सालिना ५०,००० रुपये राखून ठेवण्यात आले. त्यातूनच १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. वाडा दुसऱ्या बाजीरावाचा, पैसा दक्षिणेचा, विषय बहुतांशी जुने शास्त्रीय. फक्त मालक नवा. अशा उदारपणाला धोरण म्हणतात, आणि ते यशस्वी झाले.

पुढे नवे दक्षिणादार घेणे बंद झाले आणि जुन्यांच्या मृत्यूने रक्कम मोकळी होऊ लागली, तसा तिच्यावरचा हक्क वादाचा झाला. ‘शतपत्रे’ या आपल्या पत्रमालेतून दक्षिणेवर कोरडे ओढणारे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या मताच्या तरुणांनी १८४९ मध्ये सरकारला अर्ज केला, की यातला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना, जात न पाहता, द्यावा. सनातनी मंडळी खवळली. पिढीजात वृत्तीला हात घालणारे हे घरभेदी, असा त्यांचा आक्षेप होता. अर्जदार बहुतेक ब्राह्मणच असल्याने तो जास्त झोंबणारा होता. सरकारने अर्ज मनावर घेतला आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. श्रावणातला पैसा आता पाठांतराला नव्हे, पुस्तकाला मिळू लागला.

याच निधीतून फुले आणि सहकाऱ्यांच्या शाळांना दरमहा ७५ रुपये मदत मिळाली. ज्या पैशाला एकेकाळी ब्राह्मण पुरुषाखेरीज कोणी शिवला नव्हता, तो मुलींच्या शिक्षणाला लागला. या दक्षिणेच्या इतिहासात याहून मोठी उलथापालथ नाही. पण कमिटीचे दार सगळ्यांना सारखे उघडे नव्हते. १८५५ मध्ये फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक तिच्याकडे पाठवले. अडाणी कुणबी जोडप्याला भट कसा लुबाडतो हे दाखवणारे ते नाटक नाकारले गेले, आणि कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन गृहस्थांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त लिहिले.

बडोद्यात ही प्रथा वेगळ्या वाटेने टिकली. डभईच्या लढाईत दाभाड्यांच्या बाजूने लढलेल्या पिलाजी गायकवाडांच्या वंशजांनी तिथे श्रावणमास दक्षिणा चालू ठेवली, आणि शास्त्र्यांच्या परीक्षेशी तिचा संबंध राखला. पुण्यात उरलेली रक्कम कॉलेजांतल्या ‘दक्षिणा फेलो’ या शिष्यवृत्तीच्या रूपाने पुढे गेली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे दोघेही कधीकाळी दक्षिणा फेलो होते.