बॉक्सकार

बॉक्सकार : उत्तर अमेरिकेतील रेल्वेमार्गांवरचा, छप्पर व चारही बाजूंनी भिंती असलेला आणि दोन्ही बगलांना सरकते दरवाजे असलेला बंदिस्त मालडबा. धान्य, पीठ, कागद, डबाबंद अन्न, पोत्यांतले सिमेंट, यंत्रांचे सुटे भाग, तासलेले लाकूड असा पावसापासून जपावा लागणारा जवळजवळ सर्व माल त्यातून जाई. साधारणपणे १८७० ते १९६० या काळात तेथील मालवाहतुकीचा कणा म्हणजे हाच डबा. १९५० च्या सुमारास त्यांची संख्या सात लाखांच्या घरात होती. या नोंदीत बॉक्सकारची घडण, वाहतुकीतील तिचा व्यवहार आणि तिच्या लघु-प्रतिकृती यांचा विचार केला आहे. शीतडबे, टाकीडबे व कोळशाचे हॉपर (तळातून माल खाली ओतणारे डबे) यांचा उल्लेख केवळ अनुषंगाने येईल.

बंदिस्त डबे १८३० च्या दशकात वापरात आले असे सामान्यतः मानतात. उघड्या चारचाकी गाड्यांवर भिंती व छप्पर चढवून ते तयार झाले असावेत. खरा वाद झाला तो डब्याखालच्या आठ चाकांवरून. चार-चार चाकांच्या दोन फिरत्या बोगींवर लांब डबा ठेवला की तो वळणावर सहज वळतो आणि भार आठ चाकांवर वाटला जातो. ही अमेरिकी डब्याची ओळख झाली. बॉल्टिमोरचे रॉस विनान्झ यांनी १८३४ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले आणि पुढची सुमारे वीस वर्षे रेल्वे कंपन्यांवर दावे लावले. प्रतिवादींनी मॅसॅचूसेट्समधील क्विन्सी येथील ग्रॅनिट रेल्वेचा दाखला दिला. बंकर हिल स्मारकासाठी दगड वाहणारा हा मार्ग १८२६ मध्ये सुरू झाला होता आणि मोठ्या शिळा नेण्यासाठी त्याचे अभियंता ग्रिडली ब्रायंट यांनी दोन चारचाकी गाड्या एका चौकटीखाली जोडल्या होत्या. इंग्लंडमध्ये विल्यम चॅपमन यांच्या १८१२ च्या पेटंटातही फिरत्या बोगीची कल्पना आढळते. न्यूयॉर्क अँड इरी कंपनीविरुद्धच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाचा १८५८ मधील निकाल विनान्झ यांच्या विरोधात गेला. निव्वळ अग्रक्रम पाहिला तर ब्रायंट यांचे पारडे जड ठरते. मात्र त्यांची गाडी संथ चालीने शिळा वाहण्यापुरती होती. प्रवासी व मालगाडीच्या वेगाला पुरेल अशा रूपात ही रचना रुळांवर आणण्याचे श्रेय विनान्झ यांच्याकडून काढून घेता येईल असे वाटत नाही. न्यायालयापुढचा प्रश्न पेटंटाच्या वैधतेचा होता. तांत्रिक इतिहासाचा प्रश्न त्याहून व्यापक आहे.

अमेरिकी यादवी युद्धाच्या सुमाराचा डबा पूर्णपणे लाकडी, सुमारे २८ फूट लांब व १० टन क्षमतेचा असे (येथे टन म्हणजे २,००० पौंडांचा अमेरिकी टन). डबे लांबत गेले तसा लाकडी सांगाडा मध्यभागी खाली झुकू लागला. तो ताणून धरण्यासाठी तळाखालून लोखंडी सळ्या घालून त्या मधल्या पेचांनी आवळत. विसाव्या शतकाच्या आरंभी पोलादी तळचौकट आल्यावर या सळ्या मागे पडल्या. १९०१ मध्ये अमेरिकन रेल्वे असोसिएशनने ३६ फूट लांब, साडेआठ फूट रुंद व आठ फूट उंच हे आतील माप प्रमाण म्हणून सुचवले. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१७ मध्ये, सरकारने रेल्वे ताब्यात घेतल्यावर सुमारे एक लाख मालडबे ठरावीक नमुन्यांनुसार मागवले. त्यांत निम्म्याच्या आसपास बॉक्सकार होत्या. त्यांचे दोन प्रकार : ४० टनी, ज्यात चौकटीच्या आतून व बाहेरून फळ्या, आणि ५० टनी, ज्यात फळ्या फक्त आतून आणि पोलादी चौकट बाहेर उघडी दिसे. दुसरा प्रकार हलका व दुरुस्तीला सोपा होता. संपूर्ण पोलादी डब्यांचे १९३२ चे प्रमाण आतून ९ फूट ४ इंच उंच, तर १९३७ चे १० फूट उंच होते. लांबी दोन्हींची ४० फूट ६ इंच. पुलमन-स्टँडर्ड कंपनीचा १९४७ पासूनचा ‘पीएस-१’ हा नमुना एक लाखाहून अधिक संख्येने बांधला गेला.

जोडणी व ब्रेक यांचा इतिहास माणसांच्या जिवाशी निगडित आहे. जुन्या पद्धतीत दोन डबे एकमेकांवर येत असताना कामगाराने मध्ये उभे राहून लोखंडी कडी हाताने धरायची आणि वरून खिळा सोडायचा. यात बोटे जात, हात चिरडत. ब्रेकसाठी चालत्या गाडीच्या छपरावरून, बर्फ असो वा पाऊस, एका डब्यावरून दुसऱ्यावर जात हातचाके फिरवावी लागत. छपरावरची फळ्यांची पायवाट यासाठीच असे. व्हर्जिनियातील इलाय जॅनी यांनी १८७३ मध्ये आपोआप जुळणाऱ्या कपलरचे (डबे एकमेकांना जोडणाऱ्या आकड्याचे) पेटंट घेतले. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांचा हवेच्या दाबावरचा ब्रेक १८६९ चा. पण लांब मालगाडीवर तो भरवशाचा ठरला तो आयोवातील बर्लिंग्टन येथे १८८६ व १८८७ मध्ये झालेल्या चाचण्यांनंतर. आयोवाचेच लॉरेन्झो कॉफिन यांनी वर्षानुवर्षे नेट लावला तेव्हा १८९३ मध्ये सुरक्षा साधनांचा कायदा झाला, आणि कंपन्यांना मुदतवाढ मिळत मिळत तो १९०० मध्ये पूर्णपणे अंमलात आला. कपलरच्या इतिहासात पेटंटांची जंत्री मोठी आहे, परंतु या कायद्याचे महत्त्व तिच्याहून अधिक मानले पाहिजे. छपरावरची पायवाट मात्र नव्या बॉक्सकारवरून १९६६ पासूनच हटू लागली.

देवाणघेवाण : बॉक्सकार तिच्या मालक कंपनीच्या मार्गावरच राहत नसे. रुळांची रुंदी सर्वत्र सारखी झाल्यावर (दक्षिणेकडील मार्गांनी १८८६ मध्ये ती बदलली) कोणत्याही कंपनीचा डबा कोणत्याही कंपनीच्या मार्गावर जाऊ लागला. आधी परक्या डब्याचे भाडे धावलेल्या मैलांवर दिले जाई. त्यामुळे डबा यार्डात उभा ठेवला तर काहीच द्यावे लागत नसे आणि कित्येक मार्गांवर दुसऱ्याचे डबे गोदामासारखे वापरले जात. १९०२ पासून दररोजचे भाडे लागू झाले. आरंभीचा दर २० सेंट होता. मध्यरात्री डबा ज्या कंपनीच्या रुळांवर असेल तिने त्या दिवसाचे भाडे भरायचे, असा नियम होता. म्हणून शेजारच्या कंपनीला डबे सुपूर्द करणाऱ्या गाड्या रात्री बाराच्या आत यार्ड गाठण्याच्या घाईत असत.

डब्याचा एक फेरा पाहिला म्हणजे ही व्यवस्था नीट कळते. कॅन्ससमधल्या एखाद्या छोट्या स्टेशनावर पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा रिकामा डबा आला आहे. नियमानुसार रिकामा डबा शक्यतो त्याच्या घरच्या मार्गाच्या दिशेने भरायचा; म्हणून पूर्वेकडे जाणाऱ्या गव्हासाठी स्टेशनमास्तर तो निवडतो. डबा आतून झाडून काढतात, जुने खिळे उपटतात, फटी बुजवतात. दरवाजाच्या आतल्या बाजूने फळ्यांची आडवी भिंत ठोकतात. तिच्या वरून कोठाराची नळी आत सोडून गहू भरतात. ४० फुटी डब्यात सुमारे २,००० बुशेल (धान्याचे अमेरिकी माप) गहू मावत असे. निघण्याचे ठिकाण, पोहोचण्याचे ठिकाण, माल, वजन, घेणाऱ्याचे नाव आणि वाटेतल्या सर्व कंपन्यांचा क्रम लिहिलेले वेबिल तयार होते आणि गाडीच्या कंडक्टरकडे जाते. डबा आणि वेबिल शेवटपर्यंत बरोबर चालतात. यार्डात कारकून रुळांमधून चालत प्रत्येक डब्यावरची मालक कंपनीची आद्याक्षरे व क्रमांक उतरवून घेतो. त्यावरून शंटिंगची यादी बनते. मुक्कामी पोहोचल्यावर माल उतरवण्यास साधारणपणे ४८ तास मोफत मिळत, त्यापुढे ग्राहकाला विलंबशुल्क लागे. पश्चिम किनाऱ्यावरचे लाकूड तर कित्येकदा विकले जाण्याआधीच डब्यात भरून पूर्वेकडे रवाना होई. वाटेत गिऱ्हाईक सापडले की तारेने नवे ठिकाण कळवून डबा वळवला जाई.

१९६० च्या दशकात मोठ्या झाकणबंद हॉपरांनी धान्य आणि ट्रक व कंटेनरांनी किरकोळ माल हिरावून घेतला. ४० फुटी बॉक्सकार मुख्य मार्गांवरून त्यानंतर ओसरली.

प्रतिकृती : बॉक्सकारच्या प्रतिकृती अनेक प्रमाणांत होतात. ओ (१:४८), एस (१:६४) व एन (१:१६०) यांपेक्षा एचओ (१:८७) सर्वाधिक प्रचलित आहे. त्यात ४० फुटी डबा सुमारे १४ सेंमी. लांब भरतो. चाके, रूळ व कपलर यांची मापे जुळावीत म्हणून मिलवॉकी येथे १९३५ मध्ये नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन स्थापन झाली. आरंभीचे संच लाकूड व छापील पुठ्ठ्याचे. नंतर जपानी पितळी प्रतिकृती, प्लॅस्टिकचे स्वस्त संच आणि १९८० च्या दशकापासून रेझिनचे ओतीव संच आले. रेझिनमुळे एकाच कंपनीच्या विशिष्ट मालिकेचा डबा करणे शक्य झाले.

चांगल्या प्रतिकृतीची पारख तपशिलात होते. १९३२ व १९३७ च्या प्रमाणांतील आठ इंचांचा फरक एचओमध्ये अडीच मिमी.हूनही कमी येतो, तरी रांगेत उभे केलेले डबे पाहताच तो जाणवतो. टोकाच्या पोलादी भिंतीवरच्या आडव्या फुगवट्यांची संख्याही काळ सांगते : १९३२ च्या डब्यांवर सामान्यतः वर चार व खाली चार, १९३७ च्या डब्यांवर वर चार व खाली पाच. त्याहून बोलका पुरावा म्हणजे बगलेवरचा मजकूर. रिकाम्या डब्याचे वजन ठरावीक मुदतीने पुन्हा करून त्याचा महिना व वर्ष, वजन करणाऱ्या कारखान्याच्या खुणेसह, तेथे रंगवत. १९५० चा देखावा उभारणाऱ्याने १९५२ चे वजन लिहिलेला डबा त्यात ठेवला तर सगळे कसब वाया गेले म्हणायचे. लोहभस्माचा तांबूस रंग, त्यावरची काजळी, कारकुनांच्या खडूच्या खुणा आणि दरवाजाशेजारच्या फळीवर टाचलेल्या चिठ्ठ्यांचे अवशेष हे सर्व त्या त्या काळच्या छायाचित्रांवरून करतात.

प्रतिकृती फक्त मांडून न ठेवता खऱ्या मार्गाप्रमाणे चालवण्याची दृष्टी प्रथम ठामपणे मांडली ती न्यू ऑर्लीन्सच्या फ्रँक एलिसन यांनी, १९४० च्या दशकात. त्यांनी रूळ हा रंगमंच व गाड्या ही पात्रे मानली. १९६१ मध्ये डग स्मिथ यांनी प्रत्येक डब्याला एक कार्ड व त्यात बदलते वेबिल ही पद्धत मांडली. ती आजही, कितीतरी सुधारणांसह, चालते.

सध्या छंदिष्टांत सर्वाधिक मतभेद आहेत ते गाडीतील परक्या डब्यांच्या प्रमाणाबद्दल. अमुक वर्षी अमुक मार्गावरच्या गाडीत कोणत्या कंपनीचे डबे किती असावेत? एका मतानुसार साध्या बॉक्सकार देशभर इतक्या मोकळेपणाने फिरत की कोणत्याही मुख्य मार्गावरील परक्या डब्यांत प्रत्येक कंपनीचा वाटा तिच्या राष्ट्रीय मालकीच्या वाट्याइतकाच येई. या मताचा आधार कंडक्टरांच्या हस्तलिखित नोंदवह्या. त्यांत गाडीतील प्रत्येक डब्याची आद्याक्षरे व क्रमांक आढळतात. दुसऱ्या मतानुसार शेजारच्या व माल देवाणघेवाणीत जवळच्या कंपन्यांचे डबे जास्त असत आणि राष्ट्रीय सरासरी फसवी ठरते. छायाचित्रे इथे फारशी मदत करत नाहीत, कारण बहुतेक छायाचित्रकारांचे लक्ष इंजिनावर असे. आंतरराज्य वाणिज्य आयोगाने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेबिलांच्या एक टक्का नमुन्यावरून काढलेली आकडेवारी अधिक उपयोगी आहे. तीत माल कोणत्या राज्यातून कोणत्या राज्यात गेला हे कळते, डबा कोणाचा हे मात्र कळत नाही.

लांब पल्ल्याच्या गाड्या आणि पुरेसा मोठा नमुना घेतला तर पहिले मत बरेचसे टिकते. शाखामार्ग व स्थानिक गाड्यांना ते लावणे चूक आहे. हॉपर व गोंडोला (छप्पर नसलेले उघडे मालडबे) यांना तर ते लागूच पडत नाही, कारण खनिज वाहणारे डबे आपल्याच खाणपट्ट्यात फिरत. शीतडब्यांचेही वेगळे, पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेस (स्थापना १९०६) यांसारख्या कंपन्या हंगामानुसार आपले डबे हलवत. या चर्चेचा व्यावहारिक निष्कर्ष छंदिष्टांना रुचत नाही, पण तो मान्य करायला हवा. सात लाखांत फक्त २०० डबे असलेल्या एखाद्या चिमुकल्या कंपनीचा डबा परक्या ४० डब्यांत सापडण्याची शक्यता शंभरात जेमतेम एक. तरीही रंगीत व दुर्मिळ म्हणून तोच प्रत्येकाच्या संग्रहात दिसतो. न्यूयॉर्क सेंट्रल व पेनसिल्व्हेनिया यांचे सर्वसामान्य तांबूस डबे मात्र त्याच संग्रहांत कमी पडतात.

भारतातील स्थिती : ग्रेट इंडियन पेनिन्शुला, बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया इ. कंपन्यांमधील डब्यांच्या देवाणघेवाणीचे नियम इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशन ठरवत असे. येथील जुने बंदिस्त डबे बहुतांशी चारचाकी, स्क्रू कपलिंग व बफर असलेले आणि निर्वात ब्रेकचे होते. लघुरेल्वेचा छंद महाराष्ट्रात मुख्यत्वे पुण्यातील जोशी लघुरेल्वे संग्रहालयामुळे (१९९८) लोकांपुढे आला. भारतीय मालडब्यांच्या प्रतिकृती थोड्याच हातांनी केल्या आहेत. त्यांत एक मूलभूत अडचण आहे : १,६७६ मिमी.चा आपला रुंदमापी मार्ग १:८७ प्रमाणात १९.३ मिमी. भरतो, तर बाजारात मिळणारे एचओ रूळ १,४३५ मिमी.च्या हिशोबाने १६.५ मिमी.चे असतात. तयार रूळ व चाके वापरली की भारतीय डबा खालून पावणेतीन मिमी. अरुंद होतो, आणि योग्य माप हवे असेल तर रूळ, सांधे व चाके सर्व काही हाताने करावे लागते.