बीपीचा रुग्ण समाधानी आहे, हे ओळखायचं कसं?

सरकारी दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्याला दारातच ‘उपचार कसे वाटले?’ विचारलं, तर तो सहसा ‘बरे आहेत’ म्हणतो. औषध फुकट मिळालेलं असतं, पुढच्या महिन्यात पुन्हा इथंच यायचं असतं. वाईटपणा कोण घेणार? आणि जो कंटाळून यायचाच थांबला, तो दारात सापडत नाही. त्यामुळे अशा पाहणीत समाधान फुगून दिसतं.

बीपीच्या बाबतीत हे जास्त भोवतं. वरचा आकडा 160 असला तरी बहुधा काहीच दुखत नाही, त्यामुळे गोळी लागू पडली का हे रुग्णाला जाणवत नाही. मग तो दवाखाना जोखतो रांगेवरून, डॉक्टरांच्या बोलण्यावरून आणि हातात पडलेल्या गोळ्यांवरून. कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडे औषधाचा कागद अनेकदा कन्नडमध्ये. नातवंडं तो शाळेमुळे वाचतात. आजीला येत नाही, आणि गोळ्या आजीच्या असतात. पाकिटावर सकाळसाठी सूर्य किंवा रात्रीसाठी चंद्र काढून द्यायला सिस्टरना फार वेळ लागत नाही.

मोजणीतही घाई नडते. चालत आलेल्याला 5 मिनिटं पाठ टेकून बसवावं, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीवर टेकलेला, बोलणं बंद. लघवी तुंबलेली नसावी. चहा, तंबाखू, मिश्री त्याआधी अर्धा तास नको (निपाणीत हे सांगावंच लागतं). जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच वर जातो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून आकडा रुग्णाला सांगावा आणि लिहूनही द्यावा. बहुतेकांसाठी तो 140/90 च्या खाली हवा.

गोळी सुटण्याची कारणं साधीच असतात. अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींचे घोटे सुजतात. हे आधी सांगितलेलं असलं तर रुग्ण डॉक्टरांकडे येऊन गोळी बदलून मागतो, नसलं तर गुपचूप बंद करतो. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅकने दाब वाढतो. तेही कुणी विचारत नाही. 30 ऐवजी 10 दिवसांच्याच गोळ्या मिळाल्या, तर महिन्यात तीन रोजगार बुडतात. ज्यांचा दाब आटोक्यात आहे, त्यांना ऊसतोडीला जाण्याआधी किंवा खानापूरच्या जंगलपट्टीत पावसाळ्याआधी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात. फुकट औषधापेक्षाही या वाचलेल्या खेपा रुग्णाला मोलाच्या वाटतात, असं आमचं मत.

म्हणून प्रश्न बदलावेत आणि ते घरी जाऊन, गोळ्या वाटणाऱ्याव्यतिरिक्त कुणीतरी, मराठीत विचारावेत. मागच्या आठवड्यात किती गोळ्या चुकल्या? शेवटचा आकडा किती, कुणी सांगितला का? गोळ्या संपल्यावर काय केलं? यायचे थांबलेल्यांची नावं नोंदवहीतून काढून त्यांच्याकडे आधी जावं. उत्तरं रक्तदाबाच्या नोंदीशेजारी ठेवली की एक गट हमखास सापडतो: दवाखान्यावर खूश, गोळ्या नियमित, तरी दाब 160. इथं बहुधा रुग्णाचं काही चुकलेलं नसतं. अनेकदा औषधाचा डोस वाढवायचा किंवा दुसरी गोळी जोडायची राहून गेलेली असते, आणि हा माणूस कधीच तक्रार करत नाही.